भार तोच, दाब वेगळा



आजच्या व्याख्यानाचा आरंभ एका विटेपासून करावयाचा आहे. १९ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच अशी एक साधी वीट घ्यावी. तिचे वजन सुमारे ३ किलोग्रॅम भरते. एका परातीत चाळलेले पीठ सैलसर पसरावे आणि त्यावर ही वीट अलगद आडवी ठेवावी. मग ती उचलून शेजारच्या जागी उभी ठेवावी. दोन्ही ठसे पाहिले म्हणजे उभ्या विटेचा ठसा अधिक खोल उमटलेला दिसतो. वीट बदललेली नाही, तिचे वजनही बदललेले नाही. बदलली ती केवळ तिची बसण्याची रीत.

आडव्या विटेचा तळ १७१ चौरस सेंटिमीटरांचा आहे. ३ किलोग्रॅम वजन तेवढ्या जागेवर वाटले गेले म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटराच्या वाट्याला साडेसतरा ग्रॅम येतात. उभ्या विटेचा तळ अवघा ८१ चौरस सेंटिमीटरांचा. तेथे प्रत्येक चौरस सेंटिमीटराला ३७ ग्रॅम सोसावे लागतात. एकूण ओझे म्हणजे भार, आणि त्या ओझ्यातील जो हिस्सा क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककाच्या वाट्याला येतो तो दाब. भाराला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो, हे शाळेत शिकविले जाणारे सूत्र आहे. त्यावरून कोणीही म्हणेल की जमिनीवरील दाब कमी करावयाचा तर एक तर ओझे घटवावे, नाही तर तळ रुंद करावा.

हे उत्तर खरे आहे, पण ते अपुरे आहे. ज्यांनी तेवढ्यावरच विसंबून बांधकामे केली त्यांतील काहींची बांधकामे कलंडली. आणि जे शेतकरी तेवढ्यावरच विसंबून अवजड यंत्रे शेतात नेतात त्यांच्या जमिनीचे नुकसान वरून पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रथम या सूत्राने काय साधते ते पाहू, आणि मग ते कोठे अपुरे पडते याचा विचार करू.

तळ रुंद करण्याची युक्ती माणसाने निसर्गाकडूनच घेतली असावी. वाळवंटात राहणाऱ्या उंटाच्या पायाला दोन बोटे असतात आणि त्यांच्याखाली एक रुंद, मऊ गादी असते. पाय टेकला की ही गादी पसरते आणि उंट सैल वाळूतूनही फारसा न रुतता चालतो. तळ्यातील कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याची बोटे त्याच्या शरीराच्या मानाने विलक्षण लांब असतात. त्याचा हलका भार पानाच्या मोठ्या भागावर वाटला जातो आणि पान बुडत नाही. म्हैस चिखलात शिरली की तिच्या खुराचे दोन भाग एकमेकांपासून फाकतात. त्यामुळे टेकण्याची जागा वाढते. पाय वर घेताना ते पुन्हा जवळ येतात, आणि म्हणूनच तो चिखलातून सहज सुटतो.

हत्तीचे उदाहरण तर हिशेब करून पाहण्यासारखे आहे. हत्तीच्या पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट केली की त्याची खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ बरोबर मिळते, ही गोष्ट माहुतांना आणि वनखात्यातील लोकांना चांगली ठाऊक असते. २ मीटर ७० सेंटिमीटर उंचीच्या हत्तीच्या पावलाचा घेर म्हणजे १ मीटर ३५ सेंटिमीटर धरावा. अशा वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,४५० चौरस सेंटिमीटर होते. चारही पावले सारखी मानली तर एकूण ५,८०० चौरस सेंटिमीटर. हत्तीचे वजन ४ टन धरले, तरी दर चौरस सेंटिमीटरावरील दाब ७०० ग्रॅमच्या आतच राहतो. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस अनवाणी दोन्ही पायांवर उभा असला तर त्याचा दाब सुमारे २०० ग्रॅम होतो. म्हणजे माणसाच्या सदुसष्टपट वजनाचा हा प्राणी जमिनीवर दाब टाकतो तो माणसाच्या साडेतीनपटच. उलट तोच माणूस बोटाच्या पेराएवढ्या टाचेच्या पादत्राणावर उभा राहिला आणि त्याचा निम्मा भार एका टाचेच्या १ चौरस सेंटिमीटरावर आला, तर तेथील दाब ३० किलोग्रॅम होतो. अशी टाच ओल्या हिरवळीत रुतते यात नवल नाही.

माणसाने चाक बनविले आणि ओझे वाहणे सुकर झाले. पण त्याबरोबर दाबाचा प्रश्नही तीव्र झाला, कारण चाक जमिनीला टेकते ते अगदी थोड्या जागेवर. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविलेली असते. ती चार-पाच सेंटिमीटर रुंद, आणि कठीण रस्त्यावर तिचा जेमतेम एक चिंचोळा पट्टा टेकतो. म्हणून धावेच्या गाड्या कच्च्या रस्त्यांवर चाकोऱ्या पाडीत, आणि पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांतच आसापर्यंत रुतून बसत. रबरी धावा आल्या तेव्हा बैलांचे कष्ट जसे कमी झाले तसा रस्त्यांचा जाचही कमी झाला. हवा भरलेल्या टायरबाबत एक सोपा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : टायरमध्ये हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर टाकतो. मालमोटारीच्या टायरमध्ये हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम असतो. ट्रॅक्टरच्या मागील मोठ्या टायरमध्ये तो १ किलोग्रॅमच्या आसपास ठेवतात. म्हणूनच शेतातून ट्रॅक्टर जेथे सहज निघतो तेथे मालमोटार अडकून पडते.

हीच युक्ती टप्प्याटप्प्याने कशी वापरतात याचा सुंदर नमुना म्हणजे रेल्वेमार्ग. ब्रॉडगेज मार्गावर एका आसाचा भार २० टनांच्या घरात असतो, म्हणजे एका चाकावर सुमारे १० टन. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ते एखाद्या लहानशा नाण्याएवढ्या जागेवर. एवढा दाब कोणतीही माती क्षणभरही सोसू शकणार नाही. पण रूळ हा भार एकट्या स्लीपरवर न टाकता शेजारच्या स्लीपरांवरही वाटतो. स्लीपर सुमारे ६० सेंटिमीटरांच्या अंतराने मांडलेले असतात, आणि काँक्रीटचा स्लीपर पावणेतीन मीटर लांब असतो. स्लीपराखाली खडीचा थर असतो. खडीचा एक दगड खालच्या दोन-तीन दगडांवर टेकतो, ते त्यांच्या खालच्या आणखी दगडांवर, आणि अशा रीतीने भार खाली जाताना पसरत जातो. भरावाच्या मातीपर्यंत पोहोचेतो दाब मूळच्या मानाने हजारो पटींनी उतरलेला असतो. एखाद्या स्लीपराखालची खडी सैल झाली की या वाटणीत खंड पडतो आणि शेजाऱ्यांवर अधिक ओझे येते. खडी नीट दाबून बसविण्याचे गँगमनचे काम किती मोलाचे आहे, हे यावरून कळून यावे.

येथवर सूत्राने साथ दिली. परंतु दाब ही प्रश्नाची एकच बाजू आहे. दुसरी बाजू जमिनीची. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे जी लढाई झाली, तिच्यात हे सत्य रणांगणावर प्रकट झाले. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे ४० टनांहून अधिक वजनाचे होते, पण त्यांचे वजन लांब-रुंद पट्ट्यांवर वाटलेले असल्यामुळे जमिनीवरील दाब हत्तीच्या पावलापेक्षा फारसा अधिक नव्हता. कोरड्या शेतातून ते सहज धावले असते. भारतीय सैन्याच्या बाजूने त्या शेतांत पाणी सोडण्यात आले. रणगाड्यांचे वजन तेच राहिले, पट्ट्यांची रुंदी तीच राहिली. पण पाणी मुरलेल्या मातीचे बळ गेले आणि अनेक रणगाडे चिखलात रुतून बसले. दाब किती, एवढे विचारून भागत नाही. खालची माती किती सोसू शकते, हेही विचारावे लागते.

इमारतीचा पाया घालताना अभियंत्याला नेमका हाच प्रश्न पडतो. अखंड कठीण खडक दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोग्रॅमहून अधिक दाब निर्धोकपणे पेलू शकतो. अतिशय मऊ चिकणमातीला अर्धा किलोग्रॅमही जड जातो. आता राहत्या घराचा एक मजला, भिंती, माणसे आणि सामानसुमान धरून, दर चौरस मीटरला साधारण १ ते सव्वा टन भरतो. चार मजली इमारतीचा भार तिच्या संपूर्ण क्षेत्रफळावर सारखा पसरला, तर दर चौरस मीटरला सुमारे ५ टन होतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम. मऊ जमिनीवर अशी इमारत उभी करावयाची तर प्रत्येक खांबाखाली वेगवेगळे चबुतरे घालून चालत नाही. सगळ्या इमारतीखाली काँक्रीटची एक सलग जाड लादी घालावी लागते. अशा पायाला राफ्ट, म्हणजे तराफा, असेच नाव पडले आहे.

तराफ्याहूनही चतुर अशी एक युक्ती आहे. मातीलाही वजन असते. १ घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. इमारतीखाली ३ मीटर खोल तळघर खोदले, तर दर चौरस मीटरवरून सुमारे ५ टन माती उचलली जाते. चार मजल्यांचे वजनही तेवढेच. तेव्हा तळघर खोदून त्यावर चार मजले चढविले, तर तळाखालच्या मातीला जुन्या आणि नव्या ओझ्यात फरकच जाणवत नाही. पाण्यातील होडी जसे आपल्या वजनाएवढे पाणी बाजूला सारून तरते, तशी ही इमारत मातीत तरते. मेक्सिको शहर एका जुन्या सरोवराच्या तळावर वसले आहे आणि तेथील माती जगातील अत्यंत मऊ मातींपैकी एक मानली जाते. तेथे १९५६ साली पूर्ण झालेल्या लॅटिनोअमेरिकाना मनोऱ्याचा पाया घालताना खोल तळघर आणि खालच्या टणक थरापर्यंत नेलेले पाइल या दोहोंचा मेळ घालण्यात आला. १९५७ आणि १९८५ या वर्षांच्या भूकंपांतून तो मनोरा सुरक्षित राहिला. त्याच शहरातील ललित कलांचा संगमरवरी प्रासाद मात्र कित्येक मीटर खाली गेला आहे. त्या शहराने आणखीही एक धडा दिला. जमिनीखालचे पाणी उपसले की वरच्या मातीला पाण्याचा जो आधार असतो तो नाहीसा होतो, आणि तिचे पुरते वजन खालच्या थरांवर येते. एक वीटही न रचता जमिनीवरील ओझे वाढते, आणि सारे शहर खचू लागते.

आता सूत्र कोठे अपुरे पडते ते पाहावयाचे आहे. कॅनडातील विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथे १९१३ साली धान्याचे एक प्रचंड कोठार बांधून तयार झाले. काँक्रीटच्या कोठ्यांची ती रांग सुमारे ५९ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद अशा एका सलग तराफ्यावर उभी होती. रिकाम्या कोठाराचे वजनच २०,००० टन होते. पाया घालण्यापूर्वी खोदलेल्या जागी लहान तळाचा भार ठेवून चाचण्या घेण्यात आल्या होत्या, आणि कोठार जेवढा दाब टाकणार होते त्याहून अधिक दाब माती पेलते असे त्यांत आढळले होते. सूत्राप्रमाणे सारे ठीक होते. सप्टेंबरात गहू भरण्यास सुरुवात झाली. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी कोठार सुमारे ३० सेंटिमीटर खचले, नंतर एका बाजूला कलू लागले, आणि २४ तासांच्या आत जवळजवळ २७ अंशांतून कलंडून थांबले. काँक्रीट इतके मजबूत होते की कोठ्या फुटल्या नाहीत. दोष कोठारात नव्हताच.

मग चूक कोठे झाली? फ्रान्समधील गणितज्ञ बुसिनेस्क यांनी १८८५ साली दाखवून दिले होते की पृष्ठभागावर ठेवलेल्या भाराचा परिणाम जमिनीत खोलवर पसरत जातो आणि हळूहळू क्षीण होत जातो. पायाखाली हा परिणाम कांद्याच्या गड्ड्यासारख्या प्रदेशात जाणवतो. त्याला दाबाचा कंद म्हणता येईल. या कंदाची खोली भाराच्या तळाच्या रुंदीवर अवलंबून असते. चौरस तळाच्या दुप्पट रुंदीएवढ्या खोलीवर मूळ दाबाचा सुमारे दहावा हिस्सा शिल्लक राहतो. चाचणीसाठी ३० सेंटिमीटर रुंदीचा तळ वापरला, तर त्याचा परिणाम ६० सेंटिमीटरांच्या खाली फारसा पोहोचत नाही. २३ मीटर रुंदीच्या तराफ्याचा कंद मात्र त्या जागच्या मातीचे सगळे थर भेदून खडकापर्यंत पोहोचतो. ट्रान्सकोना येथे वरचा थर टणक होता आणि त्याच्याखाली मऊ चिकणमाती होती. लहान चाचणीला केवळ वरचा टणक थर भेटला; कोठाराला खालचा मऊ थर भेटला.

या घटनेतून जो निष्कर्ष निघतो तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. तळ रुंद केला म्हणजे पृष्ठभागावरील दाब उतरतो, पण त्याच वेळी भाराचा प्रभाव अधिक खोल जातो. दाब वाटता येतो. भार नाहीसा करता येत नाही. वरच्या थराला दिलेली सवलत खालच्या थराकडून वसूल होत असते. म्हणून रुंद पायाच्या मागे लागण्यापूर्वी खाली काय आहे ते खोलवर पाहून घेणे भाग आहे. ट्रान्सकोनाचे कोठार पुढे खालून खोदून, जॅक लावून सरळ करण्यात आले आणि खडकापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर टेकविण्यात आले. त्यानंतर ते पुन्हा वापरात आले.

इटलीतील पिसाच्या मनोऱ्यापासून मिळणारा धडा निराळा आहे. त्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले. साडेचौदा हजार टन वजनाचा हा मनोरा २० मीटरांहूनही कमी व्यासाच्या पायावर उभा आहे, आणि मातीवरील सरासरी दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलोग्रॅम भरतो. एवढा दाब तेथील मऊ चिकणमातीला पेलण्याजोगा नव्हता. मनोरा वाचला तो बांधकाम थांबल्यामुळे. ११७८ च्या सुमारास काही मजले झाल्यावर काम बंद पडले, ते जवळजवळ शंभर वर्षांनी, १२७२ साली पुन्हा सुरू झाले. १२७८ साली ते पुन्हा थांबले, आणि मनोरा पूर्ण व्हावयास १३७० साल उजाडले. चिकणमातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी असते. भार आला की प्रथम तो या पाण्यावर येतो. पाणी अतिशय मंदगतीने निघून जाते, तसतसे मातीचे कण जवळ येतात आणि माती बळकट होते. ही क्रिया कार्ल टर्झागी यांनी १९२५ साली गणिताच्या साहाय्याने उलगडून दाखविली, आणि तेथून मातीच्या यंत्रशास्त्राला नवे वळण लागले. पिसाचे गवंडी हे गणित जाणत नव्हते. पण त्यांच्या खोळंब्याने मातीला जो अवधी मिळाला, त्याच अवधीत ती पुढचा भार पेलण्याइतकी घट्ट झाली. बांधकाम सलग चालले असते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे अभियंत्यांचे मत आहे.

१९९० साली मनोरा प्रवाशांना बंद करावा लागला, तेव्हा त्याचा कल साडेपाच अंशांवर गेला होता. १९९३ साली उत्तरेच्या, म्हणजे उचललेल्या, बाजूवर सुमारे ६०० टन शिशाचे ठोकळे रचून कलणे रोखण्यात आले. अखेरचा उपाय मात्र याहून साधा होता. १९९९ ते २००१ या काळात उत्तरेकडील पायाखालून तिरक्या नळ्यांच्या साहाय्याने सुमारे ३८ घनमीटर माती थोडी थोडी काढून घेण्यात आली. मनोरा त्या बाजूला किंचित बसला आणि त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने उतरला. डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

जेथे वरची माती विश्वासू नसते तेथे तिला टाळून खाली जाणे, हा तिसरा मार्ग. भारतात तो फार पूर्वीपासून ज्ञात आहे. नदीकाठच्या वाळूत दगड-विटांची गोल विहीर बांधावयाची, आतून वाळू उपसत जावयाची, म्हणजे विहीर स्वतःच्या वजनाने खाली उतरत जाते. टणक थर लागला की ती भरून काढावयाची. सतराव्या शतकात यमुनेच्या काठी ताजमहालाचा पाया अशाच विहिरींवर घातला गेला. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेल्या हावडा पुलाचे मनोरे ज्या पायांवर उभे आहेत ते या विहिरींचेच विराट रूप आहे : एकेक पाया ५५ मीटर लांब, जवळजवळ २५ मीटर रुंद, आणि त्यात माती उपसण्यासाठी ठेवलेल्या २१ चौकोनी विहिरी.

दख्खनच्या आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत मात्र एक वेगळाच पेच उभा राहतो. ही माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगते. फुगताना ती वरच्या वस्तूला उचलू पाहते. येथे घर जड असल्याने बिघडत नाही, तर हलके असल्याने बिघडते. ज्या पायाचा दाब मातीच्या फुगण्याच्या दाबाहून कमी, तो पाया दरवर्षी उचलला जातो आणि दरवर्षी बसतो. भिंतींना तडे जातात. रुंद पाया येथे उपकारक होण्याऐवजी अपायकारक ठरतो. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने या जमिनींसाठी एका विशिष्ट पाइलचा अभ्यास करून तो देशभर रूढ केला. जमिनीत साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडतात, तळाशी एका अवजाराने त्याचा व्यास सुमारे अडीचपट रुंद करतात, आणि मग सळ्या व काँक्रीट भरतात. एवढ्या खोलीवर ऋतुमानाने ओलावा फारसा बदलत नाही. तळचा फुगीर भाग दोन कामे करतो : हत्तीच्या पावलाप्रमाणे भार पसरवितो, आणि वरची माती फुगली तरी नांगराप्रमाणे घराला खाली धरून ठेवतो.

शेवटी पुन्हा शेताकडे वळणे योग्य होईल, कारण इमारती मोजक्या जागी उभ्या राहतात, पण शेतजमिनीवर देशातील कोट्यवधी लोकांचे अन्न अवलंबून आहे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. तिच्यात हवा आणि पाणी राहते, मुळे तिच्यातून वाट काढतात. चाकाखाली माती चेपली की प्रथम या पोकळ्या बुजतात. पाऊस मुरत नाही, मुळे खाली उतरत नाहीत, आणि पीक वरच्या थोड्याशा मातीतच जगू पाहते. यावर रुंद टायर लावावेत, जोडचाके लावावीत, हवा कमी ठेवावी, असे उपाय सांगितले जातात. भाताच्या चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी रुंद चाके लावतात, हाही त्यातलाच प्रकार. हे उपाय उपयुक्त आहेत. वरच्या वीतभर मातीचे रक्षण ते करतात.

परंतु ट्रान्सकोना येथे जे घडले तेच येथेही लहान प्रमाणावर घडते. वरच्या थराचे चेपणे टायरच्या दाबावर अवलंबून असते. खालच्या थराचे चेपणे आसावरील एकूण भारावर. १० टनांच्या आसपास आसभार असलेली यंत्रे ओल्या जमिनीत फिरली, तर टायर कितीही रुंद असले तरी ४० सेंटिमीटरांच्या खालची माती चेपली जाते, असे निरनिराळ्या देशांतील प्रयोगांत आढळले आहे. वरची माती नांगरटीने मोकळी होते. फाळ जेथे पोहोचत नाही तेथली चेपलेली माती वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि शेतकऱ्याला ती दिसत नाही. उसाने भरलेली ट्रॉली पावसानंतर लगेच शेतातून ओढून काढली, तर रस्त्यापर्यंत ऊस पोहोचतो, पण पुढच्या कित्येक पिकांचे देणे मागे राहते. गंगेच्या खोऱ्यात भातासाठी चिखलणी करताना तळाशी तयार होणारा घट्ट थर भाताचे पाणी धरून ठेवतो. त्याच थरावर मागाहून पेरलेल्या गव्हाची मुळे अडतात.

म्हणून शेतातील उपाययोजनेचा क्रम असा असावा : प्रथम ओझे घटवावे, ट्रॉली शेतात अर्धीच भरावी आणि बांधावर किंवा रस्त्यावर पुरी करावी. मग चाकांचे मार्ग ठरवून घ्यावेत, कारण माती सर्वांत अधिक चेपते ती पहिल्याच फेरीत. दुसरी फेरी त्याच चाकोरीतून गेली तर नवी जागा बिघडत नाही. त्यानंतर टायरची रुंदी आणि हवा यांचा विचार करावा. आणि या सर्वांच्या आधी योग्य वेळेची वाट पाहावी.

या वेळेला मराठी शेतकऱ्याजवळ एक नेमका शब्द आहे : वाफसा. पावसानंतर मातीत ओल पुरेशी असावी, पण चिखल नसावा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलताच तो फुटावा, अशी ही अवस्था. असल उत्तरच्या शेतांत पाण्याने मातीचे बळ हिरावून घेतले. वाफसा म्हणजे ते बळ परत येण्याचा क्षण. पिसाच्या गवंड्यांनी नकळत मातीला जो अवधी दिला, तोच अवधी जाणता शेतकरी दरवर्षी जाणीवपूर्वक देत आला आहे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही. दोन-चार दिवसांचा धीर मात्र लागतो. पेरणीची घाई, भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरची ठरलेली वेळ आणि कारखान्याच्या तोडणीचे वेळापत्रक यांच्यापुढे हा धीर टिकविणे सोपे नाही, हे खरे. पण शेतात चाक घालण्यापूर्वी एकदा खाली वाकून मूठभर माती हातात घेतली, तर आज ती किती भार सोसू शकेल याचे उत्तर तिच्याकडूनच मिळते.